धूर येतो, वास येत नाही

साग्वियारान, तंबूंची तिसरी रांग
११ फेब्रुवारी २०१८

इंतान,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे, आणि गुडघे सोडले तर मीही. फोन मुद्दामच केला नाही. माझा आवाज ऐकून तू फोन ठेवून दिला असतास आणि मग मी चार दिवस तणतणत बसले असते. कागद असा ठेवून देता येत नाही. फाडलास तरी तुकडे घरातच पडतात.

मारावीच्या घराचं विचारू नकोस. लढाई थांबल्यावर ज्यांना बघायला सोडलं ते सांगतात की आपली एकच भिंत उभी आहे, आणि तीसुद्धा शेजाऱ्यांशी सामाईक. दुकानातले नेसायचे मालोंग, त्यांच्या विणलेल्या पट्ट्या, आईचे पितळी हंडे, सगळं गेलं. आम्ही मात्र सगळे बाहेर पडलो, आई, मी, सून नोरहाया आणि दोन्ही नातवंडं. आई वाटभर माझ्या चालण्याला नावं ठेवत आली, त्यामुळे दमायला सवडच मिळाली नाही.

इथे आमचं छान चाललंय. पांढरा तंबू आहे, त्यावर परदेशी संस्थेचा निळा शिक्का आहे. तांदूळ येतो, तेल येतं, सार्डिन माशांचे डबे तर इतके येतात की मुलं त्यांचे मनोरे रचतात. तेव्हा तू काही पाठवू नकोस. काही म्हणजे काही नको.

आता खरी बातमी. शेजारच्या तंबूत कोण राहतं ओळख. तुझी सासू.

हो, साक्षात बाई सोबायदा. तंबू वाटायला संस्थेची मार्गित म्हणून बाई होती, ताडासारखी उंच, उन्हानं टोमॅटो झालेली. जो आधी आला त्याला आधीचा तंबू, एवढाच तिचा नियम. बापा कसान आता आमच्या रांगेचे पुढारी आहेत. आईचेच चुलतभाऊ, तेव्हा त्यांना राहवेना. ते तिला समजावायला गेले, की या दोन घरांत आजोबांच्या काळापासून वैर आहे, सरोवराकाठच्या बांधावरून एक माणूस त्यांचा गेलाय, एक आमचा, यांच्या मधे निदान नदी तरी हवी. जोसी नावाची कागायानची दुभाषी पोरगी आहे, तिनं ते सगळं नीट सांगितलं. मार्गितनं शांतपणे ऐकलं, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "नदी नाही. दोरी चालेल?"

आणि तिनं मधे कपडे वाळत घालायची दोरी बांधून दिली.

तर दोरीपलीकडे ती, अलीकडे मी. आम्ही एकमेकींशी बोलत नाही. ती तिच्या भांड्याशी बोलते, "काही बायकांना पालापाच्या वाटणात आलं किती कुटावं ते मरेपर्यंत कळत नाही." मी माझ्या खराट्याला सांगते, "काहींचं नाकच तेवढं लांब, हाताला चव नाही." तंबूचं कापड पातळ आहे, एक शब्द वाया जात नाही. खरं सांगायचं तर इथे दिवस जातो तो त्यावरच.

तुझं प्रकरण होतं तिथेच आहे. तू त्यांच्या आमेरोलचा हात धरून मनिलाला गेलीस तेव्हा दोन्हीकडच्या पुरुषांनी ठरवलं, की दोन्ही घरांची वडीलधारी माणसं एका तबकातून भात खात नाहीत तोवर तुम्हा दोघांना दोन्ही दारं बंद. आता दारंच राहिली नाहीत, बंदी मात्र शाबूत आहे. आई तुझं नाव काढत नाही. फक्त रोज विचारते, मनिलात पाऊस आहे का. तिला मनिलाच्या पावसाचं काय करायचंय ते तूच समज.

बापा कसानचा जावई मनिलाला, कियापोच्या बाजारात माल आणायला निघालाय. तुझी टपरी त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याच्या हाती हे देते.

तुझी थोरली बहीण,
रस्मिया

४ मार्च

इंतान,

पेटी मिळाली. नको म्हटलं होतं ना? कॉफी, सुकी मासळी, आईला स्वेटर, आणि चिठ्ठी म्हणून एक ओळ नाही. जिद्दीला आमच्याच घरची आहेस. आईनं स्वेटर घातला तो घातलाच. घामानं निथळते पण काढत नाही. कुणी विचारलं तर सांगते, "मनिलात थंडी असते."

परवा आमची तपासणी झाली. कोणाला अजून धान्य लागतं आणि कोण आता आपल्या पायांवर उभं राहिलंय, ते संस्थेला बघायचं होतं. बापा कसान आदल्या दिवशी रांगेतून फिरून बजावून गेले, "जे खरं तेच सांगा. उगाच शान मारू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मी डोलावली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच कोंबडी कापली. पूर्ण रांगेत तेवढी एकच होती. मी म्हटलं, "बापा, शान मारू नका म्हणालात ना?" तर म्हणतात, "ही शान नाही गं. पाहुणा आलाय. पाहुण्याला काय कोरडं पाठवायचं?" त्या कोंबडीचे तुकडे तंबूतंबूत पोचले. मार्गितनं रांग संपेपर्यंत ती एकच कोंबडी खाल्ली आणि तिला वाटलं, घरोघरी शिजलीय.

मग प्रश्न सुरू झाले. मार्गित चटईवर गुडघे पोटाशी घेऊन बसली, जोसी तिच्या बाजूला. पहिलाच प्रश्न, गेल्या आठवड्यात रोज काय काय खाल्लंत?

मी खरं सांगणार होते, शपथेवर सांगते. पण आईनं माझ्याकडे एकदा बघितलं. ती नजर तुला माहीत आहे. सात समुद्रांपलीकडून आलेल्या बाईसमोर आपल्या वडिलांच्या घरची लेक काय सांगणार, रोज भात आणि डब्यातला मासा म्हणून? आपला मानमरातब मारावीत ढिगाऱ्याखाली ठेवून आलो का आपण?

मी म्हटलं, "सोमवारी हळद-खोबऱ्यातली कोंबडी."

कापडापलीकडे बाई सोबायदा खोकली.

"मंगळवारी तळ्यातला ताजा मासा. बुधवारी पुन्हा कोंबडी, मुलांचा हट्ट होता."

जोसीनं माझ्याकडे रोखून बघितलं. "सोमवारी तर मीच तुम्हाला डबे दिले ना, बाई?"

"ते मांजरासाठी."

"मांजर दिसत नाही कुठे."

"पोटभर खाऊन झोपलंय."

त्या दोघी शेजारी गेल्या आणि मी कापडाला कान लावला. तुझ्या सासूनं माझा एकेक शब्द ऐकलेला होता, ती काय मागे राहते? "सोमवारी बैलाचं मटण," म्हणाली. "मंगळवारीही तेच. उरलं होतं बरंच." तिच्या पलीकडच्यांनी बैल ऐकला आणि बकरा काढला. असं करत करत रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत आमच्याकडे सुलतानाचा दरबार भरला होता. शेवटच्या तंबूतल्या म्हाताऱ्यानं तर कहर केला. म्हणे मांस खाऊन खाऊन कंटाळलोय, आता नुसती भाजी घेतो.

निघताना मार्गितनं छातीवर हात ठेवला. म्हणाली, मी कितीतरी छावण्या बघितल्या, इतक्या लवकर सावरलेली माणसं कुठे बघितली नाहीत. आमची छाती तंबूएवढी फुगली. त्या संध्याकाळी सगळी रांग मान ताठ ठेवून भात आणि सार्डिन जेवली.

रस्मिया

२८ मार्च

इंतान,

थोडक्यात लिहिते. संस्थेनं आमच्या रांगेचा तांदूळ बंद केला. जी माणसं आठवड्यात दोनदा बैल खातात त्यांचा वाटा खरोखर उपाशी असलेल्यांना जायला हवा, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक कसं म्हणू? दुसऱ्या छावणीला गेला म्हणतात. जाऊ दे. आमचं अडत नाही.

वय झाल्यावर कमी खावं असं डॉक्टर सांगतातच. कोणता डॉक्टर ते विचारू नकोस. आई म्हणते तिचं पोट दुखतं, तेव्हा ती तिचा भात मुलांना देते. नोरहाया रस्त्याकडेला केळी विकायला बसते, विकली गेली नाहीत तर आम्ही खातो, आणि हल्ली लोकांना केळी फारशी हवी नसतात त्यामुळे बरंच चाललंय.

संध्याकाळी मी भांडं चुलीवर चढवते आणि डाव फिरवते. शेजारी ऐकू जायला हवं. पलीकडून पीठ चाळल्याचा आवाज येत असतो. तिच्याकडे रोज पीठ असतं म्हणजे कमाल आहे.

दुसरी पेटी मुळीच नको. पाठवणारच असशील तर स्वेटर नको.

रस्मिया

१९ एप्रिल

इंतान,

बस आणि नीट वाच. हे मी हसत हसत लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

पेटीतला तांदूळ मिळाला, तो आधी सांगते. आईनं पहिली मूठ हातात घेऊन बराच वेळ हुंगली. मग म्हणाली, "मनिलाचा तांदूळ जाड असतो." आणि भांडंभर खाल्ला. पोटदुखी पार पळाली.

पण तो आमच्या एका तंबूपुरता. रांगेतली बाकीची घरं तशीच होती. शेवटी बापा कसान लाज गिळून संस्थेच्या कचेरीत गेले. तिथे काय बोलले? "आमच्यातल्या एकदोघांना कदाचित थोडंफार कमी पडत असावं." एवढंच. जोसीला तेवढं पुरलं. तिनं मार्गितला गळ घातली, आणि परवा मंगळवारच्या बाजारानंतर ताडपत्रीच्या मांडवाखाली सगळ्या रांगेला बोलावलं. ज्याला अडचण आहे त्यानं उठून सांगावं, म्हणजे पुन्हा विचार करता येईल.

झालं. आम्ही सगळे जमलो, धुतलेले मालोंग नेसून, आणि बसलो. कुणी उठेना. उठून काय सांगायचं, आम्ही उपाशी आहोत? पोरांसमोर, सुनांसमोर? बैलाचं मटण सांगून झाल्यावर? पुरुष जमिनीकडे बघत होते, बायका पुरुषांकडे. मार्गित थांबून राहिली. जोसीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. नंतर कळलं, ती म्हणाली होती, "हे स्वतःसाठी मागायचे नाहीत. इथेच वाळून जातील, पण मागायचे नाहीत."

मार्गितनं पाण्याची बाटली उचलली, उठली, आता जाणारच. तेवढ्यात तुझी सासू उभी राहिली.

"मला माझ्याबद्दल काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे भरपूर आहे. मला हिच्याबद्दल तक्रार करायची आहे." आणि बोट थेट माझ्याकडे.

माझं तर रक्तच उसळलं. म्हटलं, आता चारचौघांत आपली अब्रू जाणार.

"ही खोटारडी आहे," ती म्हणाली. "कोंबडी खाल्ली म्हणे. मारावी सोडल्यापासून हिनं कोंबडीचं पीस पाहिलेलं नाही. संध्याकाळी रिकाम्या भांड्यात डाव फिरवत बसते, खडखड खडखड, मला ऐकू यावं म्हणून. मला काय कान नाहीत? हिच्या चुलीतून धूर येतो, वास येत नाही. आमच्याकडे शिजतं तेव्हा कळतं. पालापा तेलात पडला की तीन तंबू शिंकतात. हिच्यामुळे कोणी शिंकलेलं मला आठवत नाही. हिची म्हातारी आई पोट दुखतंय सांगून पोरांना आपलं ताट देते. हिला तांदूळ द्या. माझी वैरीण आहे, तरी द्या. उपाशी बाईशी भांडायची मला लाज वाटते."

मी उठले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, तोंड आपोआप उघडलं.

"आणि हिचं ऐका," मी म्हटलं. "बैल म्हणे. हिच्या बैलाला शिंगं नाहीत, साल आहे. उकडलेली हिरवी केळी खातात हे लोक, मिठाबरोबर, आणि मीठ संपलं की बिनमिठाची. दुपारी चाळणी हलवत बसते, पीठ चाळतेय म्हणून. मी दोरीवर कपडे घालताना वाकून बघितलंय, चाळणीत काही नसतं. नवऱ्याला गोळीबरोबर द्यायला चमचाभर भात नाही, तो गोळी पाण्याबरोबर घेतो आणि मग कळवळतो, मला ऐकू येतं. हिला आधी द्या. मी थांबीन."

"तू कशाला थांबतेस? तुझ्याकडे पोरं आहेत."

"तुमच्याकडे आजारी माणूस आहे."

"मोठी आलीस मला सांगणारी."

"तुम्ही काय कमी आहात?"

आणि मग रांगच सुटली, इंतान. ज्याला स्वतःबद्दल एक शब्द काढता येत नव्हता त्याला शेजाऱ्याबद्दल सगळं पाठ होतं. याच्याकडे तेल नाही, तो बूट विकून आला, ती सून माहेरी जाऊन जेवते आणि घरी पोटभर मिळतं म्हणून सांगते. शेवटच्या तंबूतला म्हातारा ओरडत होता, "बापा कसानच्या घरात काय आहे ते मला विचारा, काही नाही, एक कोंबडी होती ती तुम्हीच खाल्लीत." बापा कसान तोंड लपवून हसत होते, का रडत होते, कोण जाणे.

मार्गित घाबरली. "जोसी, यांचं भांडण सोडवू का?"

"मुळीच नको," जोसी म्हणाली. "लिहून घ्या."

सगळ्यात शेवटी आई उठली, त्या स्वेटरात. ती बाई सोबायदाकडे बघून म्हणाली, "माझ्या लेकीचं तू सांगितलंस ते बरं केलंस. मी सांगितलं असतं तर ती माझ्यावर रुसली असती." दोन घरांतल्या म्हाताऱ्या एकमेकींशी बोलल्या, ते माझ्या आठवणीत पहिल्यांदा. तुझ्या सासूनं काय करावं? ती मटकन खाली बसली आणि मालोंगच्या टोकानं डोळे पुसायला लागली, आणि पुसता पुसता म्हणाली, "मांडवात धूळ फार आहे."

तांदूळ पुन्हा सुरू होणार, मार्गितनं तिथेच शब्द दिला. आणि ती शहाणी झालीय. आता ती कुणालाच स्वतःबद्दल विचारत नाही. एका तंबूत बसून पुढच्या तंबूचं विचारते.

रस्मिया

६ मे

इंतान,

बापा कसान म्हणाले की वैऱ्याच्या घरासाठी ज्यानं चारचौघांत तोंड उघडलं, त्याच्याशी पुढे वैर कसं चालवायचं ते मला कुणी समजावून सांगावं. कुणालाच समजावता आलं नाही. दोन्हीकडचे पुरुष आले, कुराणावर हात ठेवून शपथा झाल्या, बांधाची जमीन मशिदीला द्यायची ठरली. जिच्यासाठी माणसं गेली ती जमीन आता कुणाचीच नाही, आणि गंमत म्हणजे त्यानं सगळ्यांनाच हलकं वाटलं.

काल मेजवानी झाली. पितळी तबक कुणाकडे उरलेलं नाही, म्हणून संस्थेच्या पाण्याच्या टाकीचं झाकण घासून पुसून घेतलं. मार्गितनं आधी कपाळाला हात लावला, मग स्वतःच साबण आणून दिला. मदतीच्या तांदळाचा पिवळा भात केला, हळद नोरहायानं केळी देऊन आणली. सार्डिनचं खोबऱ्यातलं रियांदांग मी केलं आणि त्यातला पालापा तुझ्या सासूनं कुटला. मुद्दाम आलं जास्त घातलं. सगळी छावणी शिंकली, मार्गितसुद्धा. एका बाजूनं आईचा हात, दुसऱ्या बाजूनं तुझ्या सासऱ्यांचा, एकाच भातात. जेवण होईपर्यंत कुणी बोललं नाही, इतकं चांगलं झालं होतं. मग मुलांनी डबे वाजवायला घेतले, बायकांनी गाणी काढली, आणि आई स्वेटरात नाचली. बसल्या बसल्याच, फक्त हातांनी, पण नाचली.

म्हणजे तुमची बंदी संपली. दारं नाहीतच, तेव्हा उघडायचीही नाहीत, सरळ आत यायचं.

बाई सोबायदा इथे बाजूलाच बसलीय, तिच्यासमोरच लिहितेय. ती म्हणते, "लिही, तुझी बहीण तुझ्यासाठी झुरते." मी म्हटलं, "मी कशाला झुरते? तुम्हीच लेकासाठी झुरताय, तेच लिहिते." तर लिहिते. आमेरोलला सांग, त्याची आई लाकडं फोडायला दुसऱ्या कुणाच्या मुलाला बोलावत नाही, स्वतः फोडते आणि दर घावाला त्याच्या नावानं बडबडते. त्याचे वडील गोळी घेताना आता कळवळत नाहीत, पण रस्त्यावर गाडी थांबली की उठून बघतात. हे दोघं स्वतः कधी सांगायचे नाहीत. आणि आईचं सांगायचं तर मनिलाच्या पावसाबद्दल ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. एकदा येऊन तिला काय ते सांगून जा.

तुझी सासू सारखी वाकून बघतेय मी काय लिहिलं ते. आता म्हणते, "झालं सगळ्यांचं लिहून. तुझं मी सांगते आमेरोलला फोनवर." मी नको म्हटलं.

सगळ्या रांगेची भूक आम्ही एकमेकांच्या तोंडून सांगितली. हे एक मी माझ्याच तोंडानं सांगते. मला तू हवी आहेस, इंतान. रमजानचा चंद्र दिसायच्या आत ये.

रस्मिया